नारळ कोण पाडतो ते सांग

शेजारच्या घरातली मुलगी पणजीत कायदा शिकते. परवा तिने मला लिहून पाठवलं: "काका, मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यात, मला एका देशाची बाजू मांडायचीय. दोन शेजारी देश, मध्ये टीचभर बेट, वस्ती नाही. बेट माझ्या देशापासून आठ मैल, समोरच्यापासून चोवीस. जवळ आमचं, म्हणून बेट आमचं, असं सरळ म्हटलं तर चालेल ना? आणि एवढ्याशा खडकासाठी देश भांडतात तरी का? कच्चतीवूचं पण असंच आहे का?"

बाय, पहिल्याचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. नुसतं अंतर घेऊन उभी राहिलीस तर समोरचा दहा मिनिटांत तुला आडवी करील. आणि आठ-चोवीस हे आकडे वाचून मला हसू आलं. तुमच्या सरांनी ते कुठून उचललेत ते माझ्या लक्षात आलंय. पुढे सांगतो.

मी वकील नव्हे. सर्वेक्षण जहाजांवर समुद्र मोजण्यात माझी नोकरी गेली. एखादा खडक नकाशावर कोणत्या रंगात छापायचा हे ज्या वह्यांवरून ठरतं, त्या वह्या आम्ही भरायचो. त्यामुळे हे भांडण मला कोर्टाच्या बाजूने कमी आणि होडीच्या बाजूने जास्त माहीत आहे. निकाल मात्र वाचलेत, कारण त्यात आमच्याच वह्या पुरावा म्हणून येतात.

बांधावरच्या माडाचं भांडण तू लहानपणापासून ऐकत आलीस. दोघांच्या भाटांमध्ये, म्हणजे माडांच्या बागांमध्ये, बांध, बांधावर माड, आणि तो झुकलाय एकाच्या अंगणात. ज्याच्या अंगणात झुकलाय तो म्हणतो माझा. निवाडा करणारा झुकाव बघत नाही. तो विचारतो, नारळ कोण पाडतो? पाडेलीला पैसे कोण देतो? एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर काय आहे? आणि समोरचा वीस वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत नारळ नेत होता, तेव्हा तुम्ही तोंड का उघडलं नाही? बेटांचे खटले वाचशील तर हेच चार प्रश्न इंग्रजीत आणि शेकडो पानांत विचारलेले दिसतील.

आता तुझे आकडे. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेच्या तोंडाशी एक खडक आहे, पेद्रा ब्रांका. नाव पोर्तुगीज, अर्थ पांढरा दगड. पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरा झालेला म्हणून पोर्तुगीज खलाशांनी ठेवलेलं. लांबी 137 मीटर, ओहोटीला मोजलं तर क्षेत्र 8,560 चौरस मीटर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाहून थोडंसं मोठं. मलेशियाच्या जोहोर किनाऱ्यापासून 7.7 सागरी मैल, सिंगापूरपासून 24. आणि 23 मे 2008 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 12 विरुद्ध 4 मतांनी तो दिला कोणाला? सिंगापूरला.

गंमत अशी की मूळ हक्क जोहोरच्या सुलतानाचा होता हे न्यायालयाने मान्य केलं. इतिहास मलेशियाच्या बाजूने, अंतर मलेशियाच्या बाजूने. मग घसरले कुठे? त्या खडकावर 1851 मध्ये ब्रिटिशांनी हॉर्सबर्ग दीपगृह उभं केलं. जेम्स हॉर्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीचा जलसर्वेक्षक, म्हणजे आमच्याच धंद्यातला. दिवा सांभाळायचं काम सिंगापूरकडे आलं. पुढे 1953 मध्ये सिंगापूरच्या वसाहत सरकारने जोहोरला पत्र लिहून विचारलं, या खडकाचं नेमकं स्थान काय? 21 सप्टेंबर 1953 रोजी जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवाने उत्तर धाडलं. आशय एका ओळीचा: जोहोर सरकार पेद्रा ब्रांकाच्या मालकीचा दावा करत नाही.

झालं. मलेशियाच्या वकिलांनी पुढे किती सांगितलं की त्या अधिकाऱ्याला असं लिहायचा अधिकारच नव्हता, 'मालकी' म्हणजे 'सार्वभौमत्व' नव्हे. न्यायालयाने ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं, कारण पत्र एकटं नव्हतं. आसपास फुटलेल्या जहाजांची चौकशी सिंगापूर करत होतं. मलेशियाचे अधिकारी तिथे जायचे तर सिंगापूरची परवानगी मागायचे. 1962 ते 1975 या काळात मलेशियाच्या स्वतःच्या नकाशांवर त्या खडकाखाली 'सिंगापूर' असं छापलेलं होतं. ते नकाशे काढणाऱ्या माणसाची मला दया येते. त्याने बहुतेक आधीच्या नकाशावरून नाव उतरवलं असणार. आम्हीही तसंच करायचो, कोणाच्या मनात येतं की हे हेगला जाईल!

मलेशियाने 1979 मध्ये नवा नकाशा काढला, त्यात खडक स्वतःच्या हद्दीत दाखवला. सिंगापूरने 14 फेब्रुवारी 1980 रोजी निषेध नोंदवला. ही तारीख लक्षात ठेव. तंटा पक्का झाला तो दिवस. त्यानंतर कोणी तिथे झेंडा लावला, जेटी बांधली, तर ती कृती पुराव्यात जवळजवळ शून्य. भांडण लागल्यावर माडाला चुना फासून 'हा माझा' म्हणण्यातली गत. तुझ्या कागदपत्रांत पहिलं काम कर: तंटा कोणत्या दिवशी ठरला ती तारीख शोध आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या घटनांचे दोन गठ्ठे कर.

दुसरा खटला तुला आवडेल. लिगितान आणि सिपादान, बोर्निओच्या किनाऱ्याजवळ, इंडोनेशिया विरुद्ध मलेशिया, निकाल 17 डिसेंबर 2002. इंडोनेशियाने 1891 चा ब्रिटिश-डच करार आणला, आपल्या नौदलाच्या आणि कोळ्यांच्या फेऱ्या सांगितल्या. मलेशियाने आणली कासवाची अंडी. खरंच. 1917 मध्ये उत्तर बोर्निओच्या (हा भाग पुढे मलेशियात आला) ब्रिटिश प्रशासनाने कासवाची अंडी गोळा करण्यावर नियम केले होते, परवाने दिले होते, अंड्यांवरून झालेली भांडणं सोडवली होती. 1933 मध्ये सिपादान पक्ष्यांसाठी राखीव केलं. 1962-63 मध्ये दोन्ही बेटांवर दिवे लावले. न्यायालय म्हणालं, करारात बेटांचा निवाडा नाही, पण कारभार मलेशियाच्या बाजूने केलेला दिसतो आणि इंडोनेशियाने त्या वेळी हरकत घेतलेली नाही. 16 विरुद्ध 1. आपल्या गोव्यात गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांभोवती वन खात्याचा माणूस काठ्या रोवून दोरी बांधतो आणि तारीख लिहितो ना, ती चिठ्ठी राज्याच्या कारभाराचा कागद आहे. मी तिथे गेलो की ती वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

कोळी मात्र स्वतःच्या पोटासाठी कितीही वर्षं बेटावर गेले तरी ते राज्याचं कृत्य धरत नाहीत, जोवर त्यांच्यामागे सरकारचा परवाना किंवा नियम उभा नसतो. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना हे फार अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं. पण न्यायालयाची रीत ही आहे.

अंतराच्या मुद्द्यावर शेवटचा खिळा फार पूर्वी ठोकला गेलाय. पाल्मास बेट, 1928, अमेरिका विरुद्ध नेदरलँड्स, लवाद माक्स ह्यूबर. बेट फिलिपाइन्सच्या मिंदानावजवळ, अमेरिकेला ते स्पेनकडून मिळाल्याचा दावा. ह्यूबरने सांगितलं की नुसता शोध लागल्याने अर्धवट हक्क मिळतो, शेजारामुळे हक्क मिळत नाही, आणि सतत, शांतपणे राबवलेला कारभार दोन्हींवर मात करतो. बेट डचांना गेलं, आज ते इंडोनेशियात आहे.

आता भांडतात का. इथे माझा धंदा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेटाची किंमत बेटाच्या मातीत नसते, भोवतीच्या पाण्यात असते. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारानुसार खऱ्या बेटाला सभोवार 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो आणि 200 मैलांचं आर्थिक क्षेत्र. सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर. आजूबाजूला दुसरं कोणीच नाही असं धर आणि वर्तुळाचं क्षेत्र काढ. 12 मैलांच्या वर्तुळात साधारण 1,550 चौरस किलोमीटर पाणी येतं, आपला सबंध गोवा 3,702 आहे. 200 मैलांच्या वर्तुळात 4 लाख 31 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ 1.4 पट. मासे, तळाखालचं तेल, वायू, सगळं त्यात. एका ठिपक्याच्या जोरावर.

म्हणून करारात 121 व्या कलमात चाळणी ठेवली आहे. बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली जमीन, जी भरतीलाही पाण्यावर राहते. जिथे माणसंही वसू शकत नाहीत आणि स्वतःचं आर्थिक जीवनही चालू शकत नाही, तो 'खडक'. त्याला 12 मैल मिळतात, 200 नाही. आणि जे भरतीला बुडतं, त्याला स्वतःचं काहीच नाही. मुख्य किनाऱ्याच्या 12 मैलांच्या आत असेल तर तिथून मोजायला सुरुवात करता येते, एवढंच.

आमच्या कागदी नकाशांवर कोरडी जमीन पिवळसर रंगात असते आणि ओहोटीला उघडं पडून भरतीला बुडणारं सगळं हिरव्या रंगात. पिवळा की हिरवा, यावर दीड हजार चौरस किलोमीटर पाणी अवलंबून. आणि तो रंग ठरतो कशावरून? भरतीच्या पट्टीवरून. म्हणजे आकडे रंगवलेला एक लाकडी खांब, उथळ पाण्यात तारांनी ताणून उभा केलेला. चांद्रमासाचे एकोणतीस दिवस, दिवसरात्र, ठरावीक वेळाने पाण्याची पातळी वाचायची. रात्री टॉर्चचा झोत पट्टीवर टाकायचा, लाट वर चढली की एक आकडा, उतरली की दुसरा, दोन्हींमधला वहीत. एका खेपेला आमच्यातल्या एका पोराला पहाटे डोळा लागला आणि त्याने तीन आकडे अंदाजाने भरले. दुसऱ्या दिवशी आलेख काढला तर सुंदर वळणदार रेषेला तिथे उंटासारखं कुबड. मुखियाने काही न बोलता वही त्याच्यासमोर ठेवली आणि त्या रात्री स्वतः त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसला. तेव्हा वाटलं, एवढं काय त्यात. पुढे निकाल वाचायला लागल्यावर कळलं.

हिरव्या-पिवळ्याचा सगळ्यात बोलका नमुना आपल्याच देशाचा आहे. 1970 च्या मोठ्या चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी वाळूचं एक बेट वर आलं. आपण त्याला न्यू मूर म्हणालो, बांगलादेश दक्षिण तालपट्टी. 1981 मध्ये आपण तिथे सर्वेक्षण जहाज संधायक पाठवलं, झेंडा लावला, मोठा गदारोळ झाला. आणि मग समुद्राने ते परत घेतलं. 2010 पर्यंत उपग्रहाच्या चित्रांत ते दिसेनासं झालं होतं. दोन देशांच्या सागरी हद्दीचा निवाडा करणाऱ्या 7 जुलै 2014 च्या लवादात ते रेषा आखायचा बिंदू म्हणून सुद्धा धरलं गेलं नाही. वादातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटर समुद्रापैकी 19,467 बांगलादेशाला गेले. भारताने निकाल मान्य केला. मला वाटतं, आपल्या परराष्ट्र व्यवहारातली ती एक मोठी शहाणपणाची गोष्ट होती, जरी तेव्हा फारशी कोणी वाखाणली नाही.

चाळणीची जाळी किती बारीक, ते 2016 मध्ये दिसलं. फिलिपाइन्सने चीनविरुद्ध आणलेल्या दाव्यात लवादाने 12 जुलैला सांगितलं की दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली समूहातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक बेट, तैवानच्या ताब्यातलं इतू आबा, हे सुद्धा कायद्याने 'खडक'च आहे. तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, धावपट्टी आहे, माणसं राहतात. पण ती माणसं सरकारने नेमलेली आणि त्यांचं अन्न बाहेरून येणारं. मूळ वस्ती नाही. चीनने निकाल झुगारला, तैवाननेही नाकारला. म्हणजे कायद्याने ठिपक्याचं मोल उतरवलं, पण ताबा सोडायला कोणी तयार नाही. अभिमान, टेहळणी आणि घरची मतपेटी यांना 121 वं कलम लागू होत नाही.

एक निरीक्षण तुझ्या वक्तव्यात घालता येईल. बेट ज्याच्या ताब्यात असतं, तो म्हणतो वादच नाही. दोक्दो बेटं दक्षिण कोरियाच्या ताब्यात; जपान त्यांना ताकेशिमा म्हणतं आणि 1954, 1962, 2012 असं तीनदा म्हणाला, चला हेगला. कोरिया म्हणतो, वादच नाही तर जायचं कशाला? तोच जपान सेनकाकू बेटांच्या बाबतीत, जी त्याच्या ताब्यात आहेत आणि चीन ज्यांना दियाओयू म्हणतो, अगदी कोरियाच्या सुरात बोलतो: सोडवण्यासारखा वादच नाही. जपानचं म्हणणं, 1895 मध्ये मोकळी बेटं आम्ही जोडून घेतली. चीनचं म्हणणं, आमच्या दप्तरांत मिंग काळापासून नोंद आहे. समुद्रतळाशी तेल असेल असं 1968 च्या पाहणीत दिसलं आणि 1970-71 पासून दावे उघडपणे सुरू झाले, हा क्रम मात्र विसरू नकोस. आणि संमती नसेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालय कोणालाही ओढून आणू शकत नाही.

तिथूनच कच्चतीवूकडे येऊ. 285 एकरांचं बेट, रामेश्वरम आणि जाफना यांच्या मधल्या पाल्क सामुद्रधुनीत. तामिळनाडूतल्या रामनादच्या जमीनदारीचा त्यावर हक्क होता असं भारतातले दावेदार सांगतात. सिलोनचं, म्हणजे आजच्या श्रीलंकेचं, सरकारही 1921 पासून हक्क सांगत होतं. जून 1974 मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला, रेषा बेटाच्या पश्चिमेकडून गेली आणि बेट श्रीलंकेच्या बाजूला राहिलं. आपले मच्छीमार आणि यात्रेकरू कागदपत्रांशिवाय जाऊ शकतील असं करारात होतं. 1976 च्या पत्रव्यवहारात दोघांनी एकमेकांच्या पाण्यात मासे धरायचे नाहीत असं ठरलं.

कायद्याची विद्यार्थिनी म्हणून इथे तुला दोन गाठी दिसतील. एक, बेरुबारी प्रकरणात 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते. कच्चतीवूसाठी ती झाली नाही. सरकारचं म्हणणं, दिलंच नाही, न ठरलेली हद्द ठरवली. ही बाजू पटो न पटो, युक्तिवाद म्हणून मजबूत आहे. दुसरी, हेगला जाऊ म्हणणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं की त्या न्यायालयाची सक्ती मान्य करताना भारताने स्वतःच राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळून ठेवलेत. श्रीलंका राष्ट्रकुलात आहे.

पण तिथल्या मच्छीमाराचं दुखणं बेट नाहीच, असं माझं मत. तिथे दर वर्षी संत अंतोनीचं फेस्त होतं, दोन्ही देशांची माणसं होड्यांनी येतात, मिस्सा होते आणि लोक परत जातात. भांडण आहे ते तामिळनाडूचे यांत्रिक ट्रॉलर आणि जाफन्याचे लहान होडीवाले यांच्यात. तळ खरवडणारं जाळं पलीकडच्या पाण्यात जातं, तिकडच्यांची जाळी फाटतात, मग नौदल येतं, अटका होतात, आणि बातमीत शब्द येतो कच्चतीवू. आपल्याकडे गोव्यात रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि ट्रॉलरवाले यांचं हेच भांडण एका राज्यात झालं, म्हणून आंदोलनं झाली आणि 1980 चा मासेमारी नियमन कायदा आला. मध्ये आंतरराष्ट्रीय रेषा असती तर कोणीतरी एखाद्या बेटाचं नाव पुढे केलं असतं.

अंतराबद्दल अजून मन मानत नसेल तर अंजदीव बघ. समोर कारवार, पोहत जाता येईल इतक्यावर कर्नाटकाचा किनारा, आणि बेट गोव्याच्या काणकोण तालुक्यात. का? पोर्तुगीजांनी 1505 मध्ये तिथे किल्ला बांधला आणि कारभार गोव्यातून चालवला. डिसेंबर 1961 मध्ये ते घेताना आपले सात नौसैनिक गेले. त्याच बेटावर त्याआधी तीनशे वर्षांपूर्वी करारातल्या एका शब्दाने माणसं मेली होती. 1661 च्या विवाह-करारात पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला मुंबईचं 'बंदर आणि बेट' दिलं. इंग्रज म्हणाले त्यात साष्टी, ठाणे आलं. गोव्याचा व्हाइसरॉय म्हणाला अजिबात नाही, आणि ताबाच देईना. मुंबईचा ताबा घ्यायला आलेली अब्राहम शिपमनची इंग्रज फौज अंजदीववर थांबली. ताप आणि हगवणीने शेकडो गेले, 1664 मध्ये शिपमन स्वतः तिथेच वारला. 1665 च्या फेब्रुवारीत हंफ्री कुकने मुंबई घेतली तेव्हा त्याच्यासोबत शंभराच्या आसपास शिपाई उरले होते. करारात चार बेटांची नावं लिहिली असती तर!

आता तुझी बाजू. मूळ हक्क आमचा, हे आधी सिद्ध कर. पेद्रा ब्रांकात तेवढं मलेशियाला जमलं होतं. मग समोरच्याने दीपगृह पुढे केलं तर तो पुरावा पाड. 1953 च्या मँकिये आणि एक्रेओ बेटांच्या खटल्यात फ्रान्सने बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) आणि दिवे पुढे केले, तेव्हा न्यायालय म्हणालं की जहाजांच्या सोयीसाठी लावलेला दिवा म्हणजे मालकीचा इरादा नव्हे. हे वाक्य तुझ्या कामाचं आहे. पण समोरच्याने दिव्यापलीकडे काय केलं, परवाने दिले का, चौकशा केल्या का, आणि तुझ्या देशाने तेव्हा निषेधाचं एक तरी पत्र लिहिलं का, ते फाइलमध्ये शोध. पत्र नसेल तर गप्प का बसलो याचं कारण तयार ठेव, न्यायाधीश तेच विचारणार.

आणि सरांनी दिलेल्या नकाशावर मुख्य खडकाच्या बाजूला आणखी एखादा ठिपका आहे का बघ. पेद्रा ब्रांकाच्या शेजारी मिडल रॉक्स आहेत. तिथे सिंगापूरने काहीच केलं नव्हतं, म्हणून जोहोरचा जुना हक्क शाबूत राहिला आणि ते मलेशियाला मिळाले. तिसरा, साउथ लेज, भरतीला बुडतो. त्याला सांगितलं, ज्याच्या पाण्यात असशील त्याचा. तुझ्या नकाशावर असा ठिपका असला तर तो वेगळा माग, मुख्य बेटाच्या मागणीत गुंडाळू नकोस. रंग आधी बघून घे, हिरवा आहे की पिवळा.